जिन्याची दहा दारं आणि मीटर रूमचं एक

आमच्या इमारतीच्या मीटर रूममध्ये आग लागली तेव्हा दुपारचे पावणेतीन वाजले होते. आग लहानच होती. एका जुन्या जोडावर केबल तापली, वरचं रबर पेटलं आणि शेजारच्या लाकडी फळीने धग धरली. खालच्या पानवाल्याने आणि आमच्या लिफ्टमनमामांनी आग विझवायचे दोन सिलिंडर रिकामे केले. अग्निशमन दलाची गाडी आली तोवर ज्वाळा विझल्या होत्या. त्या दिवशी माणसांचे हाल केले ते धुराने.

फोर्टमधली आमची इमारत १९३०च्या दशकातली आहे. तळमजला आणि वर पाच मजले, एकूण छत्तीस गाळे. वकील, सीए, क्लिअरिंग एजंट, दोन शिपिंग कंपन्यांच्या शाखा, एक दंतवैद्य. पुढचा जिना रुंद, त्याच्याच चौकात जाळीच्या दाराची लिफ्ट. मागचा जिना अरुंद, पूर्वी नोकरचाकरांसाठी बांधलेला. मीटर रूम पुढच्या जिन्याखाली. केबलचा धूर जिन्याच्या चौकात शिरला आणि धुराड्यातून चढावा तसा सरळ पाचव्या मजल्यापर्यंत गेला.

माझं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे. दार उघडलं तर कॉरिडॉरमध्ये हात लांब केल्यावर बोटं दिसत नव्हती. ओढणी ओली करून तोंडाला बांधली आणि भिंत चाचपत मागच्या जिन्याकडे गेले. तिथल्या दाराला अल्ड्रॉप आणि अल्ड्रॉपला कुलूप. किल्ली वॉचमनकडे, वॉचमन खाली. आम्ही अकरा जण त्या दारापाशी सहा-सात मिनिटं उभे होतो. आमच्यात एक सत्तरीचे कारकून होते. त्यांना आणि आणखी एकीला नंतर एक दिवस हॉस्पिटलात ठेवावं लागलं.

चौथ्या मजल्यावरच्या लोकांना मात्र आग लागल्याचं खालची आरडाओरड ऐकूनच कळलं. त्यांच्या कॉरिडॉरमध्ये थोडा वास होता, बाकी हवा स्वच्छ. मजल्याच्या तोंडाशी असलेलं जुनं सागवानी दुपाखी, म्हणजे दोन झडपांचं, दार त्या दिवशी मिटलेलं होतं, एवढाच काय तो फरक. तिसऱ्या मजल्यावर तसलंच दार सहा वर्षांपूर्वीपर्यंत होतं. एसी आले, मजले चकचकीत करायचं ठरलं, तेव्हा पहिल्या तिन्ही मजल्यांवरची सागवानी दारं काढून साध्या काचेची बसवली. ती दिवसभर फ्लोअर स्प्रिंगवर उघडी अडकवलेली असत. तो ठराव सोसायटीच्या वहीत आहे आणि त्याखाली मानद सचिव म्हणून माझी सही आहे. पुढचं सगळं मी का केलं, याचं उत्तर त्या सहीत आहे.

आठवड्याभरात अग्निशमन अधिकारी पाहणीला आले. मला वाटलं होतं की ते सिलिंडर मोजतील, तारखा बघतील आणि जातील. त्यांनी प्रत्येक मजल्यावर जाऊन दारं पाहिली. दार पूर्ण उघडायचे, सोडून द्यायचे आणि बघत उभे राहायचे. पुढच्या जिन्याची तीन दारं जागची हललीच नाहीत. चौथ्या मजल्याचं सागवानी दार हाताने मिटावं लागलं. "मॅडम, मी तीनच गोष्टी बघतो," ते म्हणाले. "दार बंद होतं का, आपलं आपण बंद होतं का, आणि बंद झाल्यावर त्याची जीभ खाचेत बसते का. तुमच्याकडे दहापैकी एकही दार तिन्हीत बसत नाही."

नोटिशीत लिहून आलं ते असं: दोन्ही जिन्यांची पहिल्या ते पाचव्या मजल्यापर्यंतची दहा दारं आणि मीटर रूमचं दार, अशी अकरा दारं १२० मिनिटांच्या अग्निरोधक क्षमतेची हवीत. विजेच्या डक्टच्या झडपाही दोन तासांच्या. जिन्याच्या कुठल्याही दाराला बाहेर पडण्याच्या दिशेने किल्ली लागता कामा नये. गच्चीच्या दाराचं कुलूप काढावं. काम परवानाधारक एजन्सीकडून करून घेऊन प्रमाणपत्र सादर करावं.

सर्वसाधारण सभेत पहिला आक्षेप अपेक्षेप्रमाणेच आला. इमारत नव्वद वर्षांची, ही दारं मागणारी बांधकामाची नियमावली, नॅशनल बिल्डिंग कोड, २०१६ची, मग ती आम्हाला कशी लागू? प्रश्न रास्त होता, म्हणून मी उत्तर नीट शोधून गेले होते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर टाकतो. इमारत त्या कायद्याच्या आधीची आहे म्हणून ती जबाबदारी टळत नाही. आमच्या सल्लागारांनी दुसरं एक सांगितलं आणि मला ते पटलं. जुनं दार जुन्या जागी आहे तोवर त्याचं काय करायचं यावर बोलणी होऊ शकतात. पण ते काढून आज नवं बसवायचं, तर ते आजच्या गरजेचंच हवं. नव्या दाराला जुन्या इमारतीचं वय लावून घेता येत नाही. सहा वर्षांपूर्वी आम्ही नेमकं तेच केलं होतं.

दुसरा आक्षेप पैशांचा होता आणि त्यात दोन तास गेले. पागडीवाले म्हणाले खर्च मालकीच्या गाळ्यांनी करावा, तळमजल्याचे दुकानदार म्हणाले आम्ही जिना वापरतच नाही. शेवटी मी कोलकात्याच्या स्टीफन कोर्टबद्दल बोलले. पार्क स्ट्रीटवरची जुनी इमारत, मार्च २०१०, ४३ माणसं गेली. वर पळालेल्यांना गच्चीचं दार कुलूपबंद मिळालं होतं. ज्येष्ठ सभासदांपैकी दोघांनी २०१२ साली मंत्रालयाला लागलेल्या आगीचा धूर आमच्याच गच्चीवरून पाहिला होता. त्यांनी पुढे फार बोलू दिलं नाही. ठराव मंजूर झाला, खर्च क्षेत्रफळाप्रमाणे वाटला गेला.

मग खरा अभ्यास सुरू झाला. १२० मिनिटं म्हणजे नक्की काय, हे मला आधी समजून घ्यायचं होतं. कारण बाजारात प्रत्येक जण 'दोन तासांचं' दार विकतो.

चाचणीत दार चौकटीसकट भट्टीच्या तोंडाशी बसवतात. भट्टीचं तापमान ठरलेल्या आलेखाप्रमाणे चढत जातं. अर्ध्या तासाला सुमारे ८४२ अंश सेल्सिअस, तासाला ९४५, दोन तासांना १०४९. तेवढा वेळ दार कोसळायचं नाही, फटीतून ज्वाळा बाहेर यायच्या नाहीत, फटीजवळ धरलेला कापसाचा बोळा पेटायचा नाही. ही एक कसोटी. दुसरी कसोटी उष्णतेची. दाराच्या थंड बाजूचं तापमान सरासरी १४० अंशांपेक्षा आणि कुठल्याही एका ठिकाणी १८० अंशांपेक्षा जास्त वाढायचं नाही. पोकळ पोलादी दार पहिल्या कसोटीला दोन तास सहज उतरतं, पण दुसरीला काही मिनिटांतच नापास होतं. आग पलीकडेच राहते आणि दार तव्यासारखं तापतं.

हा फरक आमच्यासाठी महत्त्वाचा होता. मागचा जिना एवढा अरुंद आहे की उतरणारा माणूस प्रत्येक मजल्यावर दारापासून हातभर अंतरावरून जातो. दुसऱ्या मजल्यावर आग असेल आणि दार नुसतं पोलादी असेल, तर वरच्या तीन मजल्यांच्या लोकांना त्या धगीसमोरून जावं लागेल. म्हणून आम्ही दोन तास आग अडवणारी आणि पहिला अर्धा तास उष्णताही अडवणारी दारं घ्यायचं ठरवलं. दोन तास उष्णता अडवणारीही मिळतात, पण ती फार जड आणि फार महाग. अर्ध्या तासात इमारत रिकामी होते, हे आम्ही दोनदा कवायत करून पाहिलं होतं.

सागवानाचं काय, हा प्रश्न मला स्वतःला सोडवत नव्हता. आमची जुनी दारं बर्मा सागाची. पितळी मुठी, जाड चौकटी, नव्वद वर्षांत कुठे वाकलेली नाहीत. चौथ्या मजल्याला त्यांनीच वाचवलं होतं. ती सुधारून ठेवता येणार नाहीत का, हे विचारायला मी एका संवर्धन वास्तुविशारद ताईंना बोलावलं. त्यांनी पॅनेल बोटांनी ठोकून पाहिलं. आडव्या-उभ्या पट्ट्या जाड आहेत, पण मधलं पॅनेल कडांना जेमतेम बारा मिलिमीटर. कठीण लाकूड आगीत मिनिटाला साधारण अर्धा मिलिमीटर या गतीने कोळसा होत आत जळत जातं. हिशेब तिथेच झाला. बारा मिलिमीटरला वीस-पंचवीस मिनिटं. त्यावर फुगणारा रंग किंवा कागद लावून अर्ध्या तासापर्यंत नेता येतं, पण दोन तास त्या लाकडातून मिळणार नाहीत. त्या दिवशी त्या दाराने थंड झालेला धूर अडवला होता. आग त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

ताईंनीच मार्ग सुचवला. पुढच्या जिन्याला आतून अग्निरोधक गाभा आणि वरून सागाचा व्हिनियर, म्हणजे पातळ पापुद्रा, असलेली दुपाखी दारं, मागच्या जिन्याला आणि मीटर रूमला पोलादी. पितळी मुठी मात्र नव्या दारांना लावता आल्या नाहीत. चाचणीत ज्या कड्या-मुठी होत्या त्याच लावायच्या असतात.

भाव मागवले. एका पोलादी दारासाठी अठरा हजारांपासून सेहेचाळीस हजारांपर्यंत आकडे आले. एवढा फरक का, हे मी प्रत्येकाला विचारलं आणि प्रत्येकाकडून चाचणीचा संपूर्ण अहवाल मागितला. बहुतेकांनी आधी एका पानाचं प्रमाणपत्र पाठवलं, सही-शिक्का आणि खाली मोठ्या अक्षरांत १२० मिनिटं. संपूर्ण अहवाल वीस-तीस पानांचा असतो. त्यात काय जाळलं ते सगळं लिहिलेलं असतं: झडपेची उंची-रुंदी, पत्र्याची जाडी, गाभ्यात काय भरलं, किती बिजागऱ्या, कुठलं कुलूप, चारी बाजूंना किती फट, काच होती का आणि केवढी. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेतही अशा चाचण्या होतात. या दारांचं भारतीय मानक आयएस ३६१४ आहे, आणि काहींकडे ब्रिटिश मानकाप्रमाणे केलेले अहवाल होते.

सगळ्यात स्वस्त पुरवठादाराचा अहवाल मी दोन रात्री बसून वाचला. तो एकपाखी दाराचा होता. आमच्या पुढच्या जिन्याची दारं दुपाखी. मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, माल तोच आहे, दोन शटर लावली की दुपाखी झालं." असं होत नाही. दुपाखी दाराचं दुखणं मधल्या सांध्यातच असतं. तापल्यावर दोन्ही झडपा वेगवेगळ्या वाकतात आणि मधली फट उघडते. एकपाखी दारात ती फटच नसते, मग तिची परीक्षा होणार कशी? दुसऱ्या एकाने बिनकाचेच्या दाराचा अहवाल दिला आणि काच जागेवर कापून बसवून देतो म्हणाला. त्यालाही नाही म्हटलं. शेवटी ज्याचा अहवाल आमच्या मापांशी आणि प्रकारांशी जुळला त्याला काम दिलं. तो सर्वांत महाग नव्हता, स्वस्तही नव्हता.

मापं घेताना जुन्या इमारतीने आपलं रूप दाखवायला सुरुवात केली. मिस्त्रींनी ओळंबा सोडला तर तिसऱ्या मजल्याची मोकळी जागा वरपासून खालपर्यंत बावीस मिलिमीटर कललेली. कुठे वरून रुंद, कुठे खालून. कारखान्यातून येणारं दार काटकोनात असतं आणि ते जागेवर रंधा मारून बसवायचं नसतं. साध्या दाराला सुतार ज्या युक्त्या करतो त्या इथे चालत नाहीत. प्रत्येक मजल्यासाठी वेगळी मापं द्यावी लागली. चुन्याचा गिलावा काढून भिंतीची कड सिमेंटने सरळ करून घ्यावी लागली, आणि या एका कामातच तीन आठवडे गेले.

रुंदीचं गणितही चुकता चुकता राहिलं. बाहेर पडण्याचं दार किमान १००० मिलिमीटर रुंद लागतं. मागच्या जिन्याची जुनी दारं एवढी होती, पण नवी पोलादी चौकट जुन्या लाकडी चौकटीपेक्षा जास्त जागा खाते. पहिल्या आराखड्यात निव्वळ वाट ९४० भरत होती. दोन्ही बाजूंनी भिंत थोडी खरवडून ती परत १००० केली. शिवाय दार बाहेर पडण्याच्या दिशेने उघडायला हवं आणि उघडल्यावर लँडिंगवर किमान ९०० मिलिमीटर वाट शिल्लक राहायला हवी. दुसऱ्या मजल्यावर लँडिंग मुळातच तोकडं. दार उघडलं की उतरणाऱ्याच्या अंगावरच येणार. तिथे चौकट कॉरिडॉरच्या आत सरकवली, म्हणजे उघडलेलं दार भिंतीच्या खोबणीत सामावतं. त्यापायी एका गाळेधारकाचं बाहेरचं कपाट गेलं. ते मुळात कॉरिडॉरमध्ये असायला नकोच होतं, तरी त्यांनी कुरकुर न करता हलवलं याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

पुढच्या जिन्याच्या दारांवर रंगीत काचांचे झरोके आहेत. नोटिशीत त्यांचा उल्लेख नव्हता, आमच्याही लक्षात आलं नव्हतं. मिस्त्रींनी शिडीवरून विचारलं, "खाली दोन तासांचं दार आणि वर ही काच?" साधी काच आगीत काही मिनिटांत तडकते. दोन तासांच्या दारावर पाच मिनिटांचं भोक. ताईंनी सुचवल्याप्रमाणे काचा जागेवर ठेवून मागून विटांची भिंत चढवली. जिन्यातून पाहिलं तर झरोका तसाच आहे, निळी-पिवळी तावदानं तशीच. फक्त दुपारी चारच्या सुमाराला कॉरिडॉरच्या फरशीवर पडायचा तो रंगीत उजेड आता पडत नाही. मला त्याची अजून चुटपुट लागते.

चौकटी बसवायला लागले त्या दिवशी मी कोर्टातून पाच वाजता परतले. चार चौकटी उभ्या होत्या आणि भिंत-चौकटीमधल्या फटीतून पिवळा फोम फुगून बाहेर आलेला. खिडक्या बसवताना वापरतात तो साधा फोम. त्याचा एक तुकडा तोडला, गच्चीवर नेला आणि मामांना काडी लावायला सांगितलं. भुरकन पेटला आणि काळा धूर सोडत वितळला. ठेकेदाराचा माणूस समोरच होता. तो म्हणाला, सगळीकडे असंच करतात. चारही चौकटींतला फोम खरवडून काढायला लावला, फटी सिमेंटच्या मालाने ठासून भरून घेतल्या, आणि उरलेल्या सात चौकटी भरताना मी किंवा आमचे खजिनदार, कुणीतरी एक तिथे खुर्ची टाकून बसलो. खजिनदार माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत. त्यांनी एकही दिवस चुकवला नाही.

खिळवायचे बोल्टही दोन ठिकाणी निघून आले. जुन्या भिंतीत विटांमधला माल चुन्याचा, बोल्ट सांध्यात गेला की फिरत राहतो. प्रत्येक भोक विटेच्या मध्यावर घेऊन लांब बोल्ट वापरावे लागले. ऐंशी किलोच्या आसपासची झडप वर्षानुवर्षं त्यांच्यावर लटकणार होती.

चौकटीच्या कडेने एक पट्टी असते, काळपट, बोटाएवढी रुंद. गरम झाली की ती कितीतरी पट फुगते आणि फट बुजवते. मी समजत होते की धुराचाही बंदोबस्त तीच करते. आमच्या बाबतीत ही समजूत महागात पडली असती. पट्टी फुगायला साधारण दोनशे अंशांच्या घरातली उष्णता लागते. मीटर रूममधून तिसऱ्या मजल्यावर पोचलेला धूर कोमट होता. तो पट्टीला जागं न करता फटीतून सरळ आत आला असता. अशा थंड धुरासाठी वेगळं ब्रशसारखं सील लागतं, आणि ते आमच्या मूळ मागणीत लिहिलेलंच नव्हतं. पुरवठादाराच्या अहवालात दोन्ही असलेला प्रकार होता, म्हणून ते वाढवून घेता आलं. खालची फट ही आणखी एक डोकेदुखी. जुनी फरशी उतरती असल्याने दाराखाली एका बाजूला पाच आणि दुसऱ्या बाजूला अठरा मिलिमीटर फट राहत होती. उंबरा घातला तर पळणारा माणूस ठेचकाळणार. दाराखालचा फरशीचा पट्टा उचलून नवा कोटा दगड समपातळीत बसवला आणि दोन्हीकडे अगदी सौम्य उतार दिला.

दुपाखी दारांत एक झडप दुसरीवर चढते. चुकीची आधी मिटली तर दुसरी अधांतरी उघडी राहते. म्हणून वर एक पट्टी असते, ती मागून मिटायच्या झडपेला थोपवून धरते. ती बसवायला ठेकेदार विसरला होता. पहिल्या दिवशी आम्ही दार सोडलं आणि ते चार बोटं उघडंच राहिलं, तेव्हा कळलं.

मागच्या जिन्याच्या दारांवर आता आतून आडवा दांडा आहे. ढकलला की दार उघडतं. ज्या कारकूनकाकांना त्या दिवशी हॉस्पिटलात न्यावं लागलं होतं, त्यांनाच मी पहिल्यांदा दार उघडायला बोलावलं. दोन्ही हातांत फायली होत्या. त्यांनी कोपराने दांडा दाबला, दार उघडलं. ते काही बोलले नाहीत. परत आत आले आणि आणखी एकदा उघडून पाहिलं.

वॉचमनचा मुद्दा चोरीचा होता आणि तो खरा होता. रात्री मागच्या गल्लीतून कुणी चढू शकतं. बाहेरच्या बाजूने किल्ली, आतून दांडा, अशी रचना केली. गच्चीच्या दारालाही तेच. आतून बाहेर जाणाऱ्याला कधीच किल्ली लागत नाही. अल्ड्रॉप मी माझ्यासमोर कापून घेतले. नुसते काढून ठेवले असते तर कुणीतरी पुन्हा लावले असते.

दारं लागल्यावर पंधरा दिवसांतच ती उघडी अडकवलेली दिसू लागली. पहिल्या मजल्यावर विटेने, दुसऱ्यावर चहावाल्याच्या क्रेटने, आणि एकदा तर चक्क आगीच्या सिलिंडरने. मला राग आला, पण लोकांचंही ऐकून घेतलं. दार आपोआप मिटवणारा क्लोजर जड होता. दंतवैद्यांकडे येणाऱ्या आजींना दार ढकलवत नव्हतं. दिवसभर ट्रे घेऊन जाणाऱ्या पोराला प्रत्येक वेळी पाठीने दार रेटावं लागायचं. क्लोजरचा जोर स्क्रूने कमी-जास्त करता येतो. मिस्त्रींनी अर्धा दिवस घालवून प्रत्येक दार जीभ बसेल एवढ्या, पण त्याहून जास्त नाही, अशा जोरावर आणलं. पहिल्या दोन मजल्यांवर वर्दळ फारच असते. तिथे भिंतीला चुंबक लावले. दिवसा दार त्यांना चिकटून उघडं राहतं. अलार्म वाजला किंवा वीज गेली की चुंबक सुटतो आणि दार मिटतं. हा खर्च अंदाजपत्रकात नव्हता. खजिनदारांनी आधी नको म्हटलं, मग विटेचा फोटो पाहून हो म्हणाले.

रंगाऱ्याने दाराच्या कडेवरची धातूची पाटी रंगवून टाकली होती. तिच्यावर मिनिटं, मानक आणि क्रमांक कोरलेला असतो. अकराही पाट्या मी स्वतः कापडाने पुसून मोकळ्या केल्या. क्रमांक अहवालाशी आणि बिलाशी ताडून पाहिले, एक जुळत नव्हता. ती झडप परत गेली आणि वीस दिवसांनी दुसरी आली. परवानाधारक एजन्सीने सगळं तपासून नोटिशीत मागितलेलं प्रमाणपत्र, नमुना 'अ', दिलं, मी ते अग्निशमन दलाकडे घेऊन गेले. तेच अग्निशमन अधिकारी पुन्हा आले, पुन्हा दार पूर्ण उघडून सोडून दिलं आणि बघत उभे राहिले.

चौथ्या मजल्याची सागवानी झडप आता खालच्या प्रवेशद्वाराच्या चौकात भिंतीला लावली आहे, पितळी मुठीसकट.

जानेवारी आणि जुलैमध्ये नमुना 'ब' द्यायचा असतो, की सगळी यंत्रणा चालू स्थितीत आहे. तो एजन्सी देते. पण त्याच्या आधीच्या शनिवारी सकाळी आठ वाजता मी आणि मामा वरून खाली येतो. मामा दार पूर्ण उघडतात आणि सोडतात. मी डोळे मिटून जीभ बसल्याचा आवाज ऐकते, मग फटीत नाणं घालून बघते, पट्टी कुठे सुटली आहे का ते बोटाने चाचपते, बिजागऱ्यांखाली काळी पूड पडली आहे का ते पाहते. गेल्या जुलैत पाचव्या मजल्याची दोन्ही दारं खट्कन मिटली. चौथ्याचं मागचं दार दोन बोटं उघडं राहिलं. पावसाने चौकटीच्या तळाशी गंज धरला होता. मामा म्हणाले, "मॅडम, थोडं तर आहे, सोमवारी बघू." मी तिथेच पायरीवर बसले आणि मिस्त्रींना फोन लावला. ते दादरहून साडेदहाला पोचले.